तुम्ही विचारलंत म्हणून : अंध मैत्रिणीला कुठे न्यावं?

‘अंध मैत्रिणीबरोबर एक संध्याकाळ मजेत घालवायची, तर कुठे जावं?’ असं विचारणाऱ्यानं बहुधा उत्तरही मनाशी ठरवलेलं असतं: गाण्याची मैफल. तिला आवडत असेल तर जरूर न्या. पण दिसत नाही म्हणजे गाण्याचा कान असणारच, असं थोडंच आहे? विलंबित ख्यालाला जांभया देणारी अंध माणसंही असतात. आधी तिलाच विचारा. तिचं काही ठरत नसेल, तर माझं मत नाटकाला.

मराठी नाटक मुळात संवादांवर चालतं. तरी निवड हवीच. नुसत्या हावभावांवर हशे घेणारा फार्स टाळा. अख्खं नाट्यगृह हसतंय आणि आपल्याला कारण कळत नाही, याचा शीण फार येतो. दिवाणखान्यात घडणारं, तीन-चार पात्रांचं, खणखणीत वादावादीचं नाटक उत्तम. एकाच वयाची, सारख्या पट्टीत बोलणारी पात्रं जास्त असली, तर पहिला अंक आवाज ओळखण्यातच जातो.

तिकिटं तिसऱ्या ते सहाव्या रांगेतली, मधली काढा. अगदी कडेला एकच स्पीकर कानावर आदळतो, बाल्कनीखाली आवाज दबतो. चालताना तिला ओढू नका. तिनं तुमचा दंड कोपराच्या जरा वर धरायचा, तुम्ही अर्धं पाऊल पुढे. पायरी आली की ‘वर’ की ‘खाली’ तेही सांगा. नाट्यगृहाच्या खुर्चीची बैठक आपोआप मिटते, म्हणून ती खाली दाबून धरा आणि तिचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवा. बसायचं ती बघेल. काठी तिच्याजवळच राहू द्या.

पहिल्या घंटेआधी जागेवर असाल तर नेपथ्य सांगायला वेळ मिळतो. तिच्या डाव्या-उजव्या हातानं सांगा: डावीकडे दार, मध्ये सोफा, उजवीकडे जिना. पडदा बंद असेल तर तो उघडल्यावर एवढंच, एका दमात. पुढे फक्त संवाद थांबले की बोलायचं, तेही चार शब्द. ‘पत्र फाडलं.’ ‘सासरा दारात उभा.’ ‘अंधार झाला.’ ‘तो चिडलाय’ नको, ‘मुठी आवळल्या’ म्हणा. अर्थ तिचा तिला लावू दे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: उत्साहानं रंगसंगती सांगत बसतो आणि पुढची दोन वाक्यं तिच्या हातची जातात. शेजारच्यांना आधी कल्पना दिलीत तर ‘शू’ ऐकावं लागत नाही.

मध्यंतरात स्वच्छतागृहात कडी, नळ, बादली कुठे ते सांगा. सोबती पुरुष असेल तर तिथल्या मावशींना विनंती करावी.

सिनेमाचं काय? मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं चित्रपटगृहांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ध्वनिवर्णनही, म्हणजे पडद्यावर काय दिसतंय ते बोलून सांगणं, आहे. पण त्या विशिष्ट चित्रपटाला वर्णन उपलब्ध आहे का आणि ते ऐकायचं कसं, हे तिकिटाआधी विचारा. वर्णन फोनवरच्या ॲपमधून असेल तर ते घरीच उतरवून घ्या. इअरफोन एकाच कानाला, दुसरा पडद्यावरच्या आवाजाला मोकळा.

नाटकाला गेलात तर आणखी एक करा. प्रयोगानंतर रंगमंचावर जाऊन नेपथ्य हातानं चाचपता येईल का, हे व्यवस्थापकांना प्रयोगाआधीच विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो. शेवटचा पडदा पडला की लगेच फळ्या उतरवून टेम्पोत चढवायला सुरुवात होते.