तुम्ही विचारलंत म्हणून: मागच्या खोलीत लाईटखाली नक्की काय वाढतंय

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, गांजा नाहीये. मिरची आहे, शेवंती आहे आणि खालच्या फळीवर मेथी-कोथिंबीर. आमच्या पेठेत गल्ली एवढी अरुंद की समोरच्या बिल्डिंगला आमच्याकडे आज कुठली उसळ आहे ते वासावरून कळतं, तर मागच्या खोलीच्या खिडकीतून रोज संध्याकाळी भगभगीत उजेड बाहेर पडणार आणि कोणी विचारणार नाही हे पुण्यात शक्यच नाही. सेक्रेटरी काकांनी फार सभ्यपणे विचारलं, "ताई, आत काही प्रयोग वगैरे चाललाय का?" बहिणीचा मुलगा थेटच, "मावशी, माल कसलाय?" एका मैत्रिणीने सुचवलं की दारावर पाटीच लाव, 'येथे फक्त मिरच्या आहेत, चौकशी करू नये.' लावली नाही, कारण पाटी वाचून दुप्पट लोक बेल वाजवतील.

आधी कायद्याचं उरकून टाकते. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांविरुद्धचा कायदा, १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे, नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचं प्रकरण वेगळं असतं, आणि एवढंच अर्धवट ऐकून काही जणांना वाटतं की मग घरात एखादी कुंडी ठेवली तर काय बिघडलं. बिघडतं. मुळात झाड लावणंच बंद आहे, सरकारी परवानगी असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. उत्तराखंडने २०१८ मध्ये हेम्पच्या, म्हणजे नशा नसलेल्या औद्योगिक भांगेच्या शेतीला वाट करून दिली ती लायसन्सवर आणि टीएचसी (नशा आणणारा घटक) ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या झाडांसाठी, सदाशिव पेठेतल्या बेडरूमचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पण खरं सांगायचं तर तुमचा संशय अगदीच बिनबुडाचा नाही. बंद खोलीत, कुंडीतल्या मातीत, एलईडीखाली झाड कसं वाढवायचं यावर ज्यांनी मनापासून डोकं चालवलंय ते बहुतेक गांजावालेच. जिथे बंदी होती तिथे लपवायला म्हणून ते घरात घुसले, आणि जिथे बंदी उठली, म्हणजे कॅनडात २०१८ पासून घरटी ४ झाडं बऱ्याच ठिकाणी चालतात, तिथे तर ते उघडपणे एकमेकांना शिकवायला लागले. तुम्ही नेटवर घरातल्या मिरचीसाठी लाईट शोधा, दोन क्लिकमध्ये तुम्ही त्यांच्याच अंगणात. मीही तिथेच शिकले. फक्त त्यांचा सल्ला जसाच्या तसा मिरचीला लावायचा नाही, कारण झाड वेगळं आहे आणि पुणंही वेगळं आहे, आणि काय घ्यायचं न् काय सोडायचं हीच यातली खरी गंमत आहे.

घ्यायची पहिली गोष्ट म्हणजे उजेड डोळ्याने मोजायचा नाही. डोळा फार फसवतो. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत दोन-तीनशे लक्स (डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप) असतात आणि बाहेर भर दुपारच्या उन्हात लाखाच्या आसपास, आणि तरी आपण म्हणतो की खोलीत 'चांगला उजेड आहे', तिथे मिरची ठेवा, रोपं लांबुळकी होऊन आडवी पडतात. झाडाच्या कामाचा उजेड पानांवर किती पडतो ते पीपीएफडी या मापात मोजतात, त्याचा मीटर महाग असतो, पण पांढरा एलईडी असेल तर मोबाईलवरच्या लक्स अ‍ॅपचा आकडा घ्या आणि साधारण ७० ने भागा, कामापुरता अंदाज येतो. पालेभाजीला २०० च्या आसपास पुरतात, मिरचीला फुलं-फळं धरायला ४०० तरी हवेत. म्हणजे पानांच्या उंचीवर २८ हजार लक्स. गांजावाले फुलांच्या वेळी ६०० ते १००० च्या गोष्टी करतात, ते बघून तुम्ही तेवढं मोठं पॅनेल घेऊ नका, मिरचीला त्याची गरज नाही आणि खोलीची भट्टी होते ती वेगळीच.

लाईट घेताना खोक्यावरच्या वॉटवर जाऊ नका. '१००० वॉट' लिहिलेलं पॅनेल प्रत्यक्षात शंभर-सव्वाशे वॉट ओढतं असं सर्रास असतं. प्लगमध्ये लावायचा छोटा पॉवर मीटर मिळतो, आमच्या इथे तपकीर गल्लीत विचारा, फॅन, टायमर, होल्डर सगळं तिथेच मिळतं, तो लावून बघितलं की कळतं. आणि "अगं पण तुझा लाईट जांभळा का नाही?" हा प्रश्न तर ठरलेला. सुरुवातीच्या पॅनेलमध्ये नुसते लाल आणि निळे एलईडी असायचे म्हणून तो जांभळा उजेड, आता पांढरे एलईडी पुष्कळ चांगले झालेत, झाडं हिरवा उजेडही वापरतात, आणि मुख्य म्हणजे जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय का मावा लागलाय ते मेलं दिसतच नाही.

दुसरं म्हणजे तास. गांजाच्या लोकांचा मंत्र असतो, वाढीला १८ तास उजेड आणि ६ तास अंधार, मग फुलांसाठी १२-१२. मिरचीला यातलं काही नको, दिवस लहान का मोठा याच्याशी तिला फारसं देणंघेणं नाही, मी १४ तास लावते आणि रात्री मीही झोपते, तीही झोपते. कोथिंबिरीला मात्र दिवस लांब झाला आणि त्यात उकडायला लागलं की लगेच तुरा येतो, तिला ११-१२ च्या वर नेत नाही.

पण हा १२-१२ चा मंत्र ज्या झाडाला जसाच्या तसा लागू पडतो ते झाड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, शेवंती. तीही लांब रात्र मिळाली की फुलणारी. पॉलिहाऊसवाले शेतकरी हेच करतात, फूल उशिरा हवं असेल तर मध्यरात्री थोडा वेळ बल्ब लावून रात्र तोडतात, लवकर हवं असेल तर संध्याकाळी काळं कापड ओढून रात्र लांबवतात. फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं हे १९२० मध्ये गार्नर आणि अलार्ड या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून मांडलं, आणि झाड खरं तर दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजतं हे नंतरच्या प्रयोगांत कळलं. (म्हणजे हाही शोध तंबाखूपासूनच, सेक्रेटरी काकांना हे सांगायचं नाही.) आपल्याकडे पुण्यात सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान ११ तासांचा, युरोपात उन्हाळ्यात १६ तास दिवस असतो, त्यामुळे तिकडच्या लोकांना फुलांसाठी जेवढी नाटकं करावी लागतात तेवढी आपल्याला करावी लागत नाहीत. खोलीतला लाईट तेवढ्यापुरता १४ वरून १२ तासांवर आणला की मला फक्त खोलीचं दार सांभाळावं लागतं. शेवंतीला कळ्या धरायच्या असतील तेव्हा रात्री त्या खोलीत कोणी ट्यूब लावायची नाही, इस्त्रीचे कपडे सकाळी घ्या. घरच्यांच्या दृष्टीने या सगळ्यातला खरा त्रास हा एवढाच आहे.

सोडून द्यायच्या गोष्टीही आहेत. वासासाठीचा कार्बन फिल्टर, नको, मिरचीला वास कुठला. काढणीआधी कुंडीत भरमसाट पाणी ओतून माती 'धुणं', नको, खत वाहून जातं. आणि एक गोष्ट तर बरोबर उलटी आहे, ते लोक नर झाडं शोधून उपटून टाकतात, परागीभवन होऊन बी धरलं की त्यांचं सगळं बिनसतं, आणि मला तेच हवं असतं, बंद खोलीत वारा नाही म्हणून छोटा फॅन लावून ठेवायचा आणि येता-जाता फुलांना टिचकी मारायची. शेंडा खुडणं मात्र दोघांकडे सारखंच, त्याने फुटवे येतात, पण हे आपल्याकडे शेवंती लावणाऱ्या कुठल्याही आजीला माहीत होतं, त्याला परदेशी व्हिडिओ लागत नाही.

मातीचं थोडक्यात. शेतातली काळी माती उचलून कुंडीत भरू नका, पाणी दिलं की चिखल आणि सुकली की वीट. नर्सरीत मिळणारा पोयटा, धुतलेलं कोकोपीट आणि गांडूळखत साधारण सारखं, त्यात मूठभर निंबोळी पेंड, आणि हलकं करायला परलाईट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके खडे) किंवा भाताचं तूस. कोकोपीट धुवायचंच, त्यात क्षार असतात. पाण्याचं म्हणाल तर नळाचं खडकवासल्याचं पाणी छान आहे, बोअरचं किंवा टँकरचं असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी पुटं धरतात. घरात ऊन नाही म्हणून कुंडी सुकायला वेळ लागतो, वरची बोटभर माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही, नाहीतर मातीतून बारीक काळे चिलट उठतात आणि मग सगळ्या घराला कळतं की आत शेती चाललीय. मिरचीची पानं वळून चुरगळायला लागली की पानाच्या मागे बघा, फुलकिडे किंवा कोळी या बारीक किडी असतात. हा पानं चुरगळण्याचा रोग, बोकड्या, बंद खोलीतही येतो, बहुतेक नर्सरीतून आणलेल्या रोपाबरोबर, म्हणून मी मिरची बियांपासूनच लावते.

उन्हाळा मात्र अवघड. एप्रिल-मेमध्ये पस्तीसच्या वर पारा गेला की मिरची फुलं गाळते, लाईटने खोली आणखी तापते. तेव्हा मी लाईट संध्याकाळी लावून पहाटे-सकाळपर्यंत चालू ठेवते, दुपारी अंधार. आणि रात्रभर उजेड दिसला की संशय आणखी बळावतो, काय करणार. शेवंतीला तेव्हा मी कळ्यांसाठी धरतच नाही.

परवडतं का? नाही. माझं पॅनेल मीटरवर १०० वॉट दाखवतं, १४ तासांचे १.४ युनिट, महिन्याचे ४२, आणि १०० युनिटच्या पुढचा स्लॅब लागला की महावितरण त्याचे पैसे वाजवून घेतं. मंडईतून तेवढ्या पैशात वर्षभराची मिरची आणता येईल, खरडा करून वाटूनही उरेल. पण आमच्या गॅलरीसमोर नवी बिल्डिंग उभी राहिल्यापासून ऊन येतच नाही आणि मला झाडं हवीत, विषय संपला.

कुणाला करूनच बघायचं असेल तर मोठं पॅनेल घेऊ नका. २० वॉटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब फळीखाली वीतभर अंतरावर, पसरट ट्रे, त्यात मेथी. १२ तास टायमरवर, महिन्याला १५ युनिटच्या आत. तीन-चार आठवड्यांत खुडायला येते, आणि सेक्रेटरी काकांना जुडी दिली की त्यांचे प्रश्नही कमी होतात.