आमची वाटचाल : कोटिंगच्या टॉर्चपासून गोल पावडरीपर्यंत

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये सुरुवातीला फक्त प्लाझ्मा स्प्रे कोटिंगचं जॉबवर्क चालायचं, म्हणजे टॉर्चच्या विजेवर पेटणाऱ्या ज्वालेत पावडर वितळवून ती समोरच्या भागावर, म्हणजे जॉबवर, फवारायची. पंपांच्या स्लीव्हवर क्रोम ऑक्साइड, कापड यंत्रांच्या थ्रेड गाइडवर ॲल्युमिना-टायटानिया. अडचण पावडरीची होती. दळून केलेली, कोनाकोनांची पावडर फीडरच्या नळीत अडते आणि थर कुठे जाड, कुठे पातळ बसतो. गोल दाण्याची सुरळीत येते, पण ती परदेशातून मागवायची, तीही त्यांच्या सवडीने. तेव्हा डोक्यात आलं, टॉर्चपुढचा जॉबच काढून टाकला तर?

जॉब नसला की वितळलेला दाणा कुठे आपटत नाही. पृष्ठताण त्याला उडता उडताच गोल करतो आणि खाली पोचेपर्यंत तो तसाच गोठतो. आम्ही टॉर्चखाली दुहेरी भिंतीचं, पाण्याने थंड राहणारं उंच चेंबर उभं केलं. तळाला डबा, बाजूला बारीक धूळ पकडायला सायक्लोन आणि फिल्टर.

ज्वालेचा गाभा दहा हजार अंशांच्या घरात असतो. ॲल्युमिना 2072 अंश सेल्सिअसला वितळतं, टंगस्टन 3422 ला. उष्णता भरपूर आहे, वेळ नाही. दाणा ज्वालेत जेमतेम काही मिलिसेकंद टिकतो. व्यास दुप्पट झाला की वस्तुमान आठपट होतं, म्हणून एकाच घाण्यात मोठा दाणा अर्धाकच्चा राहतो आणि बारीक दाण्याची वाफ होऊन ती काजळीसारखी गोल दाण्यांवर चिकटते. आमच्याकडे टॉर्चइतकाच मान चाळणीला आहे तो यामुळे. कच्चा माल ओव्हनमध्ये वाळवायचा, 45 ते 75 मायक्रॉनमध्ये चाळायचा, मगच फीडरला लावायचा. या धंद्यात निम्मी गुणवत्ता ज्वाला पेटण्याआधीच ठरते, हे माझं ठाम मत आहे.

घाणा उतरला की हॉल फ्लोमीटर, म्हणजे पावडर किती सहज वाहते ते मोजायचं साधन. 50 ग्रॅम पावडर, अडीच मिलिमीटरच्या भोकाचं नरसाळं आणि स्टॉपवॉच. कच्चा माल त्यात नुसता बसून राहतो, टिचकी मारली तरी हलत नाही. गोल झालेला बोट काढताच सरळ धारेने उतरतो. नवीन मुलाला आम्ही आधी हे दाखवतो, सूक्ष्मदर्शक नंतर. त्याखाली मात्र दाणे अगदी साबुदाण्यासारखे दिसतात.

ॲल्युमिनाचं आणखी एक आहे. इतक्या झटकन गोठल्यावर बराचसा माल गॅमा या स्फटिकरूपात येतो. उष्णता वाहून नेणाऱ्या फिलरसाठी, म्हणजे प्लास्टिक-रबरात मिसळायच्या पावडरीसाठी, अल्फा रूप हवं, म्हणून तो माल पुन्हा 1200 अंशांना भाजतो. वेळ आणि वीज दोन्ही जातात, पण त्याशिवाय आम्ही देत नाही.

टायटॅनियमच्या चौकशा सतत येतात. आमची टॉर्च डीसी आर्कची, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवणारी. त्यातला तांब्याचा इलेक्ट्रोड, म्हणजे ॲनोड, झिजतो आणि त्याचे कण मालात उतरू शकतात. सिरॅमिक कोटिंगला ते एकवेळ चालतं, इम्प्लांटच्या पावडरीला नाही. अशा गिऱ्हाइकाला आम्ही स्पष्ट नकार देतो. त्यासाठी इलेक्ट्रोडच नसलेला, बाहेरच्या तारेच्या वेटोळ्याने तापणारा इंडक्शन प्लाझ्मा हवा. संशोधक टी. बी. रीड यांनी 1961 मध्ये अशी टॉर्च मांडली होती. आता आमचा विचार तिकडेच चालला आहे. आर्गॉनचा खर्च वाढेल, आरएफ (रेडिओ वारंवारतेचा) वीजपुरवठा वेगळा लागेल, आणि चेंबर आणखी उंच करायचं तर या शेडचं छत पुरत नाही, म्हणून शेजारच्या प्लॉटची बोलणी सुरू आहेत.