कानातला सा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी सकाळ उजाडते ती आलं ठेचण्याच्या आवाजानं. मागच्या थंडीत तो आवाज मला उजव्या कानानं नीट ऐकू येईना. तिथं आपला एक खर्जातला अखंड ‘सा’ लागलेला. सासूबाई म्हणाल्या, “ग्वाल्हेरात राहतेस, कानात तंबोरा नाही तर काय वाजणार!” पण जिना उतरताना घर गर्रकन फिरलं, तेव्हा त्याही घाबरल्या.

डॉक्टरांना मेनिएरच्या आजाराचा संशय. १८६१ साली प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरानं सांगितलं, की अशी भोवळ आतल्या कानातूनही येते. ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या शेजारीशेजारी, आत पाणीही एकच. ते वाढलं की दोन्ही घरांत पूर.

“भाभीजी, चाय छोड़ के देखिए. नमक भी कम.”

मिठाचं पटलं. चहाचं मात्र जिवावर आलं. थकव्याचा निरोप आणणाऱ्या अडेनोसिनच्या जागेवर कॅफीन आधीच ठाण मांडून बसतं, म्हणून आपल्याला तरतरी. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कपातलं जवळपास निम्मं रात्री दहालाही अंगात असतं. झोप उडते, आणि निजानीज झाली की कानातला सा आणखी ठळक.

सोडला एकदम. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की पोह्यांचा वासही सोसवेना. हेही कॅफीनचंच, सुटताना सूड उगवतं. (आणि कुणी सांगितलं नव्हतं!) मग रीतसर उतरत गेले: चारचे तीन, तिनाचे दोन, आता सकाळचा एक. भोवळ परत आली नाही. पण लोणचं-पापडही सुटले होते, झोपही लागत होती. श्रेय कुणाला द्यायचं? कॅफीन सोडल्यानं हा आजार हटतोच, असा पक्का पुरावा डॉक्टरांपाशीही नाही. सा तर आहेच.

या डिसेंबरात गावातच हजिऱ्याला, तानसेन संगीत समारोहात गेलो. तंबोरे जुळत होते. मी उजवा कान दाबून नीट ऐकलं आणि ह्यांच्या कानाशी लागले, “माझा जरा चढा आहे हो.”

हे चहा आणायला उठले होते. “एकच आणू?”

“दोन,” मी म्हटलं. “माझा अर्धा.”