ती वळते तेव्हा

शनिवार, रात्री उशिरा

अमेरिकन गायक रॉय ऑर्बिसनचं ‘ओ, प्रिटी वुमन’ आज पुन्हा पुन्हा ऐकलं. भाचीचं म्हणणं, हे रस्त्यात मुलीच्या मागे लागण्याचं गाणं आहे. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते लिहून ठेवतो.

गाणं १९६४ चं. ऑर्बिसन आणि बिल डीस यांनी मिळून लिहिलेलं. ऑर्बिसनची बायको क्लॉडेट बाहेर निघाली होती, पैशांचा विषय निघाला, तर डीस म्हणाला, सुंदर बाईला पैसे लागत नाहीत. तिथून सुचलं म्हणतात.

सुरुवातीला नुसता ड्रम. ठक, ठक, ठक, सगळे ठोके सारख्या अंतरावर, कुणीतरी झपझप चालत गेल्यासारखे. मग गिटारची ती प्रसिद्ध सुरावट. पहिल्यांदा ती मध्येच थांबते, पुन्हा सुरू होऊन पुन्हा थांबते, आणि त्यानंतर कुठे पुढे सरकते. बोलायला जाणाऱ्याचा धीर गोळा होतोय हे एकही शब्द येण्याआधी कळतं!

मग गाण्यातला तो रस्त्याने जाणाऱ्या त्या सुंदर बाईशी बोलतो. तिच्या रूपाचं कौतुक करतो, तूही माझ्यासारखीच एकटी आहेस का, असं विचारतो. मधल्या भागात सूर बदलतो आणि तो चक्क विनवण्या करायला लागतो: जरा थांब, बोल, हस. मला रडवू नकोस, असंही म्हणतो, आणि हे मात्र मला खटकतं. अनोळखी बाईवर आपल्या रडण्याचा भार कशाला टाकायचा?

ती थांबत नाही. आणि इथे तो म्हणतो, ठीक आहे, उशीर झालाय, घरी जातो. बस्स. वाट अडवत नाही, मागे जात नाही, वाकडं बोलत नाही. नकार म्हणजे लपवलेला होकार, असं समजून मुलीचा पिच्छा पुरवणारे नायक आपण पडद्यावर किती पाहिले, आणि त्यांना टाळ्याही दिल्या. हा नायक नकार ऐकतो. मग ती स्वतःहून वळते.

गाणाराही तसाच. स्टेजवर काळा चष्मा लावून जागचा न हलता उभा राहायचा. ‘ओन्ली द लोन्ली’, ‘क्राइंग’ ही त्याचीच गाणी. त्यामुळे कौतुकाच्या ओळीतसुद्धा मला त्याची धास्ती ऐकू येते.

१९६१ च्या त्याच्याच ‘रनिंग स्केअर्ड’ या गाण्यात ही धास्ती उघडच आहे. प्रेयसीचा आधीचा प्रियकर परत आला तर? या एकाच भीतीवर सगळं गाणं चढत जातं. तो खरंच येऊन उभा राहतो. निवड तिची. ती वळते आणि या घाबरलेल्या माणसाबरोबर चालू लागते. त्या शेवटच्या ओळीला ऑर्बिसनचा आवाज जिथे जाऊन पोचतो, तिथे दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.