“समाज म्हणजे कुठला?”

एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी मी विषय घेतला: दृष्टिहीन व्यक्तींना आपल्या समुदायाबद्दल काय वाटतं, ते मोजायचं. मापनी तयारच होती. मॅकमिलन आणि चॅव्हिस यांनी १९८६ साली समुदायभावनेचे चार घटक मांडले: आपण इथले आहोत असं वाटणं, आपल्या शब्दाला वजन असणं, गरजा भागणं आणि जिव्हाळा. त्यावरच बेतलेली आठ विधानांची छोटी मापनी २००८ मध्ये आली. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण. भाषांतर करू, फॉर्म पाठवू, महिन्याभरात मोकळे, असा माझा हिशेब होता.

पहिल्याच फोनवर एका काकांनी विचारलं, “समाज म्हणजे कुठला? जातीचा म्हणताय का?”

चूक माझीच. मूळ विधानांत शेजारपाजार आहे. मराठीत ‘आमच्या समाजात’ म्हटलं की आपण काय समजतो ते सांगायला नको. मग ‘वस्ती’ लिहिलं, तर एक ताई दुखावल्या, “आम्ही सोसायटीत राहतो हो.” शेवटी ‘तुम्ही राहता तो परिसर’ यावर निभावलं.

फॉर्मचं तर विचारूच नका. मी चौकटींचा तक्ता केला होता. टॉकबॅक, म्हणजे फोनचा स्क्रीन वाचून दाखवणारी सोय, प्रत्येक चौकटीवर ‘रेडिओ बटण, निवडलेलं नाही’ म्हणतं. आठ विधानं, पाच पर्याय, म्हणजे चाळीस वेळा. पहिल्या मुलीने तिसऱ्या विधानावर सोडून दिलं. डोळसांनी केलेला फॉर्म, दुसरं काय!

म्हणून फोनवर वळले. पाच पर्याय एका दमात वाचले की शेवटचा तेवढा लक्षात राहतो. त्यामुळे प्रश्न दोन पायऱ्यांत तोडला: आधी “पटतं की नाही?” आणि मग “पूर्ण की थोडंसं?” हे जमलं. पण फोन स्पीकरवर असला की शेजारून आईच उत्तर द्यायची, “सगळे खूप मदत करतात त्याला.” अशा वेळी गोड बोलून एकट्याने बोलायची वेळ ठरवून घ्यावी लागे.

तरी सगळं छान-छानच येत होतं. मग त्या काकांना पुन्हा फोन लावला. ते पूर्ण अंध, डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला नोकरीला जाणारे. म्हटलं, परिसर राहू दे, तुमची माणसं कुठली? “हँडिकॅप डबा,” ते लगेच म्हणाले. म्हणजे लोकलमधला अपंगांसाठी राखीव डबा. तीच आठ विधानं डब्याबद्दल विचारली. ‘माझ्या म्हणण्याला किंमत आहे’ याला सोसायटीसाठी २, डब्यासाठी ५! सोसायटीच्या मीटिंगची नोटीस जिन्याखाली चिकटवलेली असते, ती त्यांना कोण वाचून दाखवणार?

त्यानंतर प्रत्येकाला आठही विधानं दोनदा विचारली. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, दोन्हींची सरासरी काढायची का? मी नाही म्हटलं. त्यावर त्या अजून नाराज आहेत.