आमची वाटचाल : सीटपासून छतापर्यंत

आमचं मूळ काम कुशनचं. दादांनी पुण्यात नाना पेठेत एका ओळखीच्या शेठच्या दुकानाबाहेर शिलाई मशीन टाकली, रिक्षाचे हूड, जीपच्या सीटा, ट्रॅव्हलरचं रेक्झिन, जे येईल ते करायचं. मी कॉलेज सुटलं की तिथं बसून जुन्या कव्हरचे टाके उसवायचो. पुढे मोठ्या गाड्या यायला लागल्या आणि पेठेत तर स्कूटर लावायची मारामार, म्हणून भोसरीला शेड घेतलं.

गाडीच्या आतल्या छताच्या कापडाच्या कामाला लावलं ते मुंबईच्या व्हॅनिटी व्हॅनवाल्यांनी. सीटा करायला गाडी यायची आणि जाताजाता मालक म्हणायचा, वरचा तो डाग पण काढून टाका ना, कलाकार लोक नाक मुरडतात. मग 2021 मध्ये राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, लॉकडाऊनमुळे लोकांना हॉटेल नको झालंच होतं, आणि ट्रॅव्हलरमध्ये बेड, किचन, वर एसी बसवून महाबळेश्वर नाहीतर कोकणात फिरणारी मंडळी वाढली. पावसाळा संपला की या गाड्या आमच्याकडे, सगळ्यांची तक्रार एकच, छताच्या कापडावर चहा सांडल्यासारखी तपकिरी रिंग.

इथं आमचं आणि बाकीच्यांचं जमत नाही. आम्ही डागाला हात लावायच्या आधी पाणी कुठून येतंय ते शोधतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो. लोक चिडतात, अहो मी फक्त डाग काढायला सांगितलाय. पण गळती तशीच ठेवून डाग काढला तर पुढच्या पावसात तो परत येणार आणि शिव्या आम्हालाच. काही गिऱ्हाइकं यावरून निघून गेली, जाऊ देत. राहिलेल्यांनी मित्रांच्या गाड्या पाठवल्या आणि धंदा खरा त्यावर वाढला.

बरं, डाग बघून बरंच कळतं. एसीच्या चौकटीभोवती असेल आणि एप्रिल-मेमध्ये पडला असेल तर तो पाऊस नाहीच, एसीचं स्वतःचं पाणी, ड्रेन तुंबलेला असतो किंवा गाडी उतारावर लावून रात्रभर एसी चालवलेला असतो. पत्र्याच्या रिब, म्हणजे आतून आधार देणाऱ्या पट्ट्या, जशा जातात तसे सरळ पट्टे दिसले तर आतली वाफ, म्हणजे थंडीत काचा बंद करून चार जण झोपले, सकाळी आतच चहा-पोहे केले, ती वाफ गार पत्र्यावर धरते आणि कापडात उतरते. आणि एका जागी गडद डाग असेल तर बाहेरून गळती, पण भोक बरोबर त्याच्या वरच असेल असं नाही, पाणी रिबवरून सरकत सरकत भलतीकडेच टपकतं. म्हणून आम्ही पाइपनं पाणी मारतो ते खालून वर, एकेक जोड, घाई न करता, आत एक माणूस टॉर्च घेऊन बसलेला. बहुतेक वेळा व्हेंटच्या नाहीतर सोलर पॅनलच्या स्क्रूपाशी सापडतं, आणि तिथं कुणीतरी जुन्या सिलिकॉनवरच नवीन सिलिकॉन फासलेलं असतं, जे धरतच नाही. सगळं खरवडून काढायचं, पुसायचं, ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावायची, मगच वरून सीलंट.

आता डाग. आधी तळहातानं हलकं दाबून बघतो. आत कुरकुर वाजलं किंवा पिवळी भुकटी पडली तर कापडामागचा फोम मेलेला आहे, मग साफ करून उपयोग नाही, कापडच बदलायचं. मागचा प्लाय ओला असेल तर मीटर लावून बघतो, 20 टक्क्यांच्या वर ओल दाखवत असेल तर पॅनल उघडून वाळवल्याशिवाय पुढे जात नाही.

फोम चांगला असेल तर मऊ ब्रशनं व्हॅक्यूम, नाहीतर वरच्या धुळीचा चिखल होतो. मग बादलीत शाम्पू घुसळायचा आणि कापडाला लावायचा तो फक्त फेस, पाणी नाही, कारण भिजलं की मागचं चिकटवलेलं सोल्युशन सुटतं आणि छत पोट आल्यासारखं लोंबतं. पांढऱ्या फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही, डागाच्या कडेकडून मध्याकडे. आणि नुसता डाग पुसून थांबायचं नाही. पाणी वाळताना मळ कडेला नेऊन सोडतं, रिंग तयार होते ती त्यामुळेच, म्हणून अख्खं पॅनल शिलाईपर्यंत एकसारखं ओलसर करून घेतो, म्हणजे वाळायची कड शिलाईत जाते. पाणी आरओचं, बोअरच्या पाण्यानं क्षाराचे नवीनच डाग पडतात. प्लायचा तपकिरी रंग कापडात उतरला असेल तर मेडिकलमधलं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, ते सुद्धा आधी कपाटामागच्या कोपऱ्यात लावून बघून, डोळ्याला गॉगल लावून, कारण सगळं काम डोक्यावर चालतं. ब्लीच आमच्या शेडमध्ये येतच नाही. मग पंखे लावून दारं उघडी, हीटगन नाही. घाईचं गिऱ्हाईक इथंच जास्त कटकट करतं.

पूर्ण निघतो का? दरवेळी नाही, जुना असेल तर फिकट सावली राहते, हे गाडी आत घ्यायच्या आधीच सांगतो आणि जॉबकार्डवर लिहून सही घेतो. दादांना हे सहीचं प्रकरण अजून पटत नाही, ते म्हणतात तोंडी शब्द पुरतो.

सध्या दिवाळीच्या आधी नंबर लागत नाही इतकी गर्दी होते, त्यामुळे ज्यांना जमेल त्यांनी गाडी मार्चमध्येच दाखवून घ्या. तेव्हा गळती निघाली तर पावसाच्या आत काम होतं आणि आम्हाला पण वाळवायला ऊन मिळतं.