सतरा की बावीस?

कणकवलीत माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. येतात ते बहुतेक गुडघे, कंबरा आणि आंब्याच्या हंगामात कलमावरून पडलेले गडी. त्यामुळे गेल्या जुलैत आचऱ्याकडचं साडेपाच महिन्यांचं बाळ टेबलावर आलं तेव्हा माझेच हात गार पडले.

निदान मुंबईत झालेलं होतं : एसएमए (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, स्नायू दुबळे करत नेणारा जनुकीय आजार), टाइप १. पाचव्या गुणसूत्रावरचं एसएमएन१ हे जनुक बिघडलं की स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी मरत जातात. बुद्धीला धक्का लागत नाही. बाळ टकामका बघत होतं, हसत होतं, पाय मात्र बेडकासारखे फाकून पडलेले. त्यावरचं रिसडिप्लाम हे औषध सुरू होऊन दीड महिना झाला होता. (ते मिळवायची धावपळ हा वेगळाच विषय.) मुंबईच्या फिजिओताई म्हणाल्या, मधली मोजणी तिकडेच करा, व्हिडिओ पाठवा, मीही इथून बघून गुण देते.

मोजणी म्हणजे चॉप इन्टेंड. बाळाची हालचाल आणि ताकद मोजणारी, २०१० साली फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलमधून आलेली ही चाचणी. १६ गोष्टी, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ६४. बाळाला आपण काही करायला सांगू शकत नाही, म्हणून सगळं बघून, खुणावून, हलकेच ओढून काढून घ्यायचं. डाव्या-उजव्यात जी बाजू चांगली, तिचे गुण धरायचे. ताईंनी दोन संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर शिकवलं, मी बाहुलीवर सराव केला आणि मला वाटलं, जमलं.

पहिल्या दिवशी सगळंच चुकलं. बाळ एसटीने भिजत आलं, वाटेत दूध पिऊन झोपलं. मी त्याला उठवलं, कपडे काढून लंगोटावर ठेवलं, वर पंखा गरगरत होता. हाताची बोटं थंडगार. ते रडलं, मग दमून निपचित पडलं. मी आपली कागदावर शून्यं मांडत गेले. बेरीज १७. आईचा चेहरा उतरला. मुंबईत झालेली पहिली मोजणी १९ होती, म्हणजे औषध घेऊनही बाळ खाली गेलं? रात्री व्हिडिओ बघून ताईंनी एकच विचारलं, ‘‘बाळ जागं कुठे आहे यात?’’ मला उत्तर सुचेना. त्याने हलवलं नाही आणि त्याला हलवता येत नाही, यांत फरक असतो आणि मी तो पुसून टाकला होता.

तीन दिवसांनी मीच त्यांच्या घरी गेले. दूध पिऊन तासभर झालेला, अकराची वेळ, माजघराचं दार लोटलेलं, पंखा बंद. आजीने गोधडी अंथरली होती, ती काढायला लावली. गुबगुबीत अंथरुणात टाच रुतते आणि बाळाची निम्मी ताकद तिथेच जाते. चटईवर दुहेरी चादर घातली, मोबाइल पाटावर उभा केला आणि काहीही न करता बसून राहिले. आजी पुटपुटल्या, ‘‘नुसती बसलंय कित्याक गो?’’ पण पहिल्या दोन गोष्टी अशाच बघायच्या असतात. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला उजवा हात कोपरापासून उचलला गेला. तीन गुण. पहिल्या दिवशी याच ठिकाणी मी एक लिहिला होता.

मग पकड. त्याच्या तळहातात माझी करंगळी दिली आणि हळूहळू वर उचलत गेले. मनगट आलं, कोपर चादरीपासून सुटलं, पकड टिकून होती. खांदा उचलायच्या आधी बोटं सैल झाली. त्या करंगळीला जो ताण जाणवला, तो व्हिडिओत दिसत नाही.

मान मध्यावर आणायला मी लाल खुळखुळा नेला होता. बाळाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मान बाजूला कललेली, तशीच. तेवढ्यात आजी चादर सारखी करायला वाकल्या, हिरव्या काचेच्या बांगड्या डोळ्यांपुढून गेल्या आणि डोळ्यांमागोमाग मान निघाली. मध्यापर्यंत नाही पोचली, पण अर्ध्या वाटेपर्यंत नक्की. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच.

शेवटच्या दोन गोष्टींना बाळ पोटाखाली हात देऊन पालथं तोलून धरायचं असतं. आजी ओरडल्याच, ‘‘सोड तेका, श्वास कोंडात!’’ भीती अगदी खोटी नव्हती. या मुलांची छाती श्वास घेताना आत जाते, पोट तेवढं फुगतं. मी आईला ओठांच्या रंगावर लक्ष ठेवायला सांगितलं, काही सेकंदांत बघून घेतलं आणि बाळ तिच्या कुशीत दिलं.

बेरीज २२. ताईंची २३ आली. पकडीवरून आमचा दहा मिनिटं वाद झाला. त्या म्हणाल्या कोपर सुटलंय, तीन द्या. मी दोनच दिले होते, कारण मला वाटलं मीच जास्त ओढलं. व्हिडिओ हळू चालवून बघितला आणि मी मागे हटले.

मोजणी दर वेळी त्याच वेळी, तशाच जमिनीवर व्हायला हवी, म्हणून त्यांनी मला सगळं लिहून ठेवायला सांगितलं. खेळण्याच्या रकान्यात काय लिहू, विचारलं. ‘‘बांगड्या लिहा,’’ ताई म्हणाल्या, ‘‘आणि ऑक्टोबरात मुंबईला येताना आजींकडून दोन मागून घ्या.’’